वय अजून शिल्लक आहे

सरांनी मला नाव विचारलं नाही. जन्मतारीख विचारली.

देवणी तालुक्यातल्या त्या शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून मी रुजू झाले, तो पहिला दिवस होता. मुख्याध्यापकांकडे कागद देऊन शिक्षकखोलीकडे आले तर दारातच एक उंच, शिडशिडीत गृहस्थ उभ्यानं चहा पीत होते. गळ्यात क्रीडाशिक्षकाची शिट्टी. मी नांदेडची, शहरात वाढलेली. वाटलं, आता 'माहेर कुठलं, सासर कुठलं' सुरू होणार. त्याची उत्तरं मी वाटेतच तयार करून ठेवली होती.

ते म्हणाले, "एक जून का?"

"काय एक जून?"

"जन्मतारीख हो."

"नाही. चौदा ऑक्टोबर."

त्यांनी कप खिडकीत ठेवला. "खरी का दाखल्यावरची?"

"दोन्ही एकच आहे."

"नशीबवान हाव तुमी," ते म्हणाले आणि उरलेला चहा पिऊन मैदानाकडे निघून गेले. माझं नाव त्यांना पुढं आठवडाभर माहीत नव्हतं. 'चौदा ऑक्टोबरवाल्या मॅडम' असं ते शिपायाला सांगायचे आणि शिपाई बरोबर माझ्याकडेच यायचा.

एक जूनचा उलगडा मला नंतर झाला. पूर्वी लेकराचं नाव शाळेत घालायला आलेल्या आईबापाला तारीख सांगता यायची नाही. गुरुजी पोराकडे बघून वर्षाचा अंदाज धरायचे आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि हिशेबाला सोपं पडायचं. आमच्या अकरा जणांच्या शिक्षकवर्गात सहा जण एक जूनचे होते. बरं झालं त्या दिवशी उन्हाळ्याची सुट्टी असते, नाहीतर शिक्षकखोलीत सहा केक कापावे लागले असते.

सर त्या सहांपैकीच एक. पण बाकीचे पाच जण त्या तारखेवर हसायचे आणि सर हसायचे नाहीत, एवढा फरक होता.

त्यांची क्रीडाखोली म्हणजे जुनी कोळशाची खोली होती. मी पहिल्यांदा आत गेले ती हजेरीपट शोधत. मला वाटलं होतं तिथं चेंडू, दोऱ्या, ढाली असतील. त्या होत्या, पण कोपऱ्यात. समोरच्या भिंतीवर एका खिळ्याला कॅलेंडरं लटकवलेली, एकावर एक, इतकी की खिळा वाकला होता. मी म्हटलं, "सर, रद्दी विकायची राहिली वाटतं."

"रद्दी?" सर इतके दुखावले की मी घाबरले. "मॅडम, ह्यात ह्या गावातली सगळी लेकरं जन्मून बसलीत."

आणि मग त्यांनी मला ती पद्धत समजावून सांगितली. नवा खेळाडू हेरला की ते त्याच्या घरी जायचे. आईबापाशी बोलायचे नाहीत. आईबाप दाखल्यावरची तारीख सांगतात, असा त्यांचा अनुभव. थेट आजीपुढं बसायचे. आजी तारीख सांगत नाही, ती सांगते, 'तुरी काढायला आल्त्या बगा, अन् ह्याची माय शेतात होती.' किंवा 'पोळ्याच्या दुसऱ्या दिशी, बैलाच्या शिंगाला अजून रंग होता.' सर ते लिहून घ्यायचे, खोलीत येऊन त्या वर्षाचं कॅलेंडर काढायचे आणि लेकराची खरी तारीख शोधायचे. सगळ्यात जास्त गोंधळ येळवशीचा. वेळा अमावस्या, आमच्या लातूरकडे त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं, त्यामुळे आज्यांच्या लक्षात ती पक्की. पण ती कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. आणि खेळाच्या वयोगटाचा काटा असतो एक जानेवारीवर.

"डिसेंबरातली येळवस असली तर लेकरू गेलं," सर म्हणाले. "जानेवारीतली असली तर पुरं एक वर्ष हातात. एकाच आमुशेची दोन लेकरं, पर एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला."

"मग तुम्ही शोधलेली खरी तारीख दाखल्यावर चढवता का?"

"छे!" त्यांनी हात झटकला. "तारखेला हात लावायचा न्हाई. कागद म्हणजे कागद."

"मग शोधता कशाला?"

यावर त्यांनी गळ्यातली शिट्टी चिमटीत धरली. उत्तर सापडलं नाही की त्यांचा हात शिट्टीकडे जायचा. ती वाजवायचे नाहीत, नुसती धरून ठेवायचे. "माहीत असलेलं बरं," ते म्हणाले. मला ते विचित्र वाटलं आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून या माणसाबद्दल मला भलतंच कुतूहल लागून राहिलं.

खोलीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. प्रत्येक खेळाडूची उंची, दर जूनमध्ये. चौकटीला रंग द्यायला आलेल्या रंगाऱ्याला त्यांनी एकदा हाकलून लावलं होतं. ते पोरांकडे बघायचे ते देवणीच्या बाजारात बैल बघतात तसं, पुढून, मागून, चालवून. आमच्या भागातल्या बैलांचा नावलौकिक मोठा, त्यामुळे हे कुणाला वावगं वाटायचं नाही. सर म्हणायचे, "बैलाचं वय दातावर, लेकराचं दाखल्यावर. आन् दोघांत दातच खरं बोलतो."

माझ्या मुलीच्या वेळचा किस्सा सांगायलाच हवा. मला सातवा महिना लागला तेव्हा ही बातमी शिक्षकखोलीत पसरली. बायका म्हणाल्या, काय खावंसं वाटतं. सरांनी विचारलं, "तारीख कोणती दिली डॉक्टरनं?" मी म्हटलं, डिसेंबर अखेर. त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ते मला बाजूला घेऊन अगदी गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, डॉक्टरला इचारून बगा. पाच-सात दिवस थांबता येतंय का म्हणावं." मी हसून लोळायची बाकी होते. पण ते विनोद करत नव्हते. मुलगी झाली अठ्ठावीस डिसेंबरला. बारशाला ते नांदेडपर्यंत आले, आणि दुखवट्याला आल्यासारखे बसले. पाळण्यात डोकावून म्हणाले, "चार दिवस. फकस्त चार दिवस हो." मग पिशवीतून पांढरे कापडी बूट काढून माझ्या सासूबाईंच्या हातात दिले. सात वर्षांच्या मुलीच्या मापाचे. सासूबाई आजही 'ते बुटवाले सर' म्हणूनच त्यांची चौकशी करतात.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, जर ती एप्रिलची यादी नसती.

दर एप्रिलमध्ये, नववीच्या वार्षिक परीक्षेआधी, सर एक कागद घेऊन वर्गशिक्षकाकडे यायचे. मी नववीची वर्गशिक्षिका झाले तसा तो कागद माझ्याकडे यायला लागला. त्यावर एक किंवा दोन नावं. या लेकरांना याच वर्गात एक वर्ष थांबवायचं. त्यांचं गणित साधं होतं. सतरा वर्षांखालच्या गटात पोर खेळू शकतं ते वयावर, वर्गावर नाही. पण लवकर शाळेत घातलेलं पोर पंधराव्या-सोळाव्या वर्षी दहावी होऊन लातूरला जातं, अकरावीच्या शिकवणीत अडकतं आणि खेळ सुटतो. वयाचं एक वर्ष उरलेलं असतं, ते वाया जातं. तर त्याला नववीत एक वर्ष थांबवा, म्हणजे शेवटचं वर्ष, सगळ्यात ताकदीचं वर्ष, त्याला आपल्या मैदानावर, आपल्या संघात मिळेल.

"वर्गाचं वर्ष सरलं म्हणून काय झालं," ते म्हणायचे, "वयाचं शिल्लक हाय की."

मी चिडायचे. हुशार पोराला मुद्दाम मागं ठेवायचं? ज्या जिल्ह्यात आईबाप पोराच्या एकेका गुणासाठी शहरात खोली भाड्यानं घेऊन राहतात तिथं? मी तसं म्हणाले की सर शांतपणे विचारायचे, "मॅडम, लातूरला डॉक्टरकीसाठी पोरं बारावीनंतर दोन-दोन वर्षं बसून राहिलीत. त्यांना कोणी नापास म्हणतंय का? रिपीटर म्हणतात. इंग्रजीत थांबलं की पोरगं नापास होत न्हाई. मंग माज्या लेकरालाच कामून नापास म्हणताव?"

मी वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढायचे.

पालकांकडून ते अर्ज लिहून घेत. त्याचा मसुदा त्यांनी स्वतः केला होता आणि झेरॉक्सच्या पंचवीस प्रती खोलीत ठेवलेल्या असत. 'माझ्या पाल्याचे वय अजून शिल्लक असल्यामुळे त्यास खेळासाठी याच इयत्तेत एक वर्ष ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.' मुख्याध्यापक डोक्याला हात लावायचे. "अहो सर, 'खेळासाठी' काय लिहिता? 'प्रकृती ठीक नसल्यामुळे' लिहा. वरून कुणी तपासायला आलं तर काय दाखवू?"

"प्रकृती ठणठणीत हाय त्याची. खोटं कसं लिहू?"

"मग वय शिल्लक म्हणजे काय? वय काय बँकेत ठेवलंय का?"

सर शिट्टी धरून उभे राहायचे, पण शब्द बदलायचे नाहीत. एकदा शेजारच्या तालुक्यातला एक क्रीडाशिक्षक त्यांना भेटायला आला होता. चहा घेता घेता म्हणाला, एवढा उपद्व्याप कशाला करता, दाखल्यावरची तारीखच वर्षभर पुढं सरकवा, माझ्या ओळखीचा माणूस आहे. सरांनी त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि दाराकडे बोट दाखवलं. तेव्हा मी विचारलं, की सर, तारखेचं एवढं काय?

क्रीडाखोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी कॅलेंडरांच्या गठ्ठ्यामागं हात घालून एक जुनं, पिवळं पडलेलं पंचांग काढलं. पान दुमडलेलं होतंच. "माझी माय सांगायची, येळवशीला झालो म्हणून. शेतातच, कडब्याच्या कोपीपाशी. हे बगा, त्या वर्साची येळवस जानेवारीत. गुरुजीनं लिवलं आधीचा एक जून. सात महिने." त्यांनी पंचांग मिटलं. "जिल्ह्याच्या संघात निवड झाल्ती माझी, खो-खोच्या. कागद तपासायला बसलेला सायब म्हणला, वय जास्त हाय, हो बाजूला. माय संगं आली होती. ती म्हणली, साहेब, येळवशीचा हाय ओ माजा लेक. सगळे हसले."

त्यांनी पंचांग पुन्हा गठ्ठ्यामागं सरकवलं. त्या दिवसानंतर एप्रिलच्या यादीवर मी पूर्वीसारखी भांडले नाही, आणि हीच माझी चूक झाली.

कारण पुढच्या यादीत एकच नाव होतं. अंबिका.

अंबिका खांबावर वळायची तेव्हा वेणी खांबाच्या एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला असायची. मला खो-खोतलं काही कळत नाही, पण ती धावायला उतरली की मी तपासायच्या वह्या ठेवून खिडकीत जायचे. आणि गणितात ती माझी पहिल्या तिघांतली. जन्मतारीख पाच जानेवारी, सरकारी दवाखान्यातली, खरी. सरांना ती तारीख कळली त्या दिवशी त्यांनी शिक्षकखोलीत सगळ्यांना पेढे वाटले. काटा चार दिवसांनी चुकवून जन्मलेली पोर. तिला एक वर्ष थांबवलं तर दहावीत असताना ती सतरा वर्षांखालच्या गटात सगळ्यात मोठी, सगळ्यात तयार असणार होती.

तिच्या घरी सर तीनदा गेले. वडील शेतकरी, बारा एकर काळी जमीन, पोरीला लातूरला सायन्सला घालायचं ठरवून बसलेले. आई म्हणाली, पोरीची जात, वर्ष मागं पडली तर लोक काय म्हणतील. सरांनी त्यांना राज्याच्या संघाबद्दल सांगितलं, दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांबद्दल सांगितलं, खेळाडूंसाठी राखीव असणाऱ्या नोकऱ्यांबद्दल सांगितलं. तिसऱ्या खेपेला वडिलांनी अर्जावर सही केली. मग मी सही केली. मुख्याध्यापकांनी कपाळावर आठी घालून सही केली. शेवटच्या दोन पेपरांना अंबिका बसली नाही. वर्गात मुली भूगोलाचा पेपर लिहीत होत्या आणि खिडकीतून ती मैदानावर सूर मारताना दिसत होती, 'अनुपस्थित' असा माझा शेरा हजेरीपटावर ओला होता.

जूनमध्ये शाळा उघडली. जुन्या वर्गातल्या मुली जिना चढून दहावीच्या वर्गात गेल्या. अंबिका खालीच थांबली. शेवटच्या बाकावर बसली, तिच्यापेक्षा वीतभर बुटक्या मुलींमध्ये. मी वर्गात गेले तेव्हा सगळ्यांबरोबर उभी राहिली, सगळ्यांबरोबर बसली. तास संपल्यावर टेबलाशी आली.

"मॅडम, वार्षिकला मला गणितात किती होते?"

"अठ्ठ्याऐंशी."

"मंग मी कशात नापास झाले?"

काय सांगणार? मी म्हटलं, "बाळा, तू नापास नाहीस. ते खेळासाठी... सरांना विचार ना." म्हणजे मी पळ काढला. अंबिका खरंच सरांकडे गेली. मी मागोमाग व्हरांड्यापर्यंत गेले. मला राहवलं नाही. क्रीडाखोलीच्या दारात ती उभी होती, डोक्यामागं चौकटीवर तिच्याच उंचीच्या चार रेघा.

"तू थांबलीस," सर म्हणत होते. "नापास येगळं, थांबणं येगळं."

"मी न्हाई थांबले. तुमी थांबिवलं. मला कोणी इचारलं?"

सरांचा हात शिट्टीकडे गेला.

"माजी मैत्रीण वर गेली," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी ती लातूरला जाईल. आमी खोली संगं करणार होतो." आणि ती रडली नाही, मैदानावर गेली आणि एकटीच खांबाभोवती धावत राहिली. ते वर्षभर ती सरांशी खेळापुरतंच बोलली. 'हाव सर', 'न्हाई सर'. माझ्याशी तर तेवढंही नाही. उत्तरपत्रिकेत मात्र सगळं बरोबर.

सर बदलले ते मला दिसत होतं. त्या वर्षी एप्रिल आला आणि यादी आली नाही. अर्जांच्या प्रती कपाटाच्या वर धूळ खात पडल्या. मी विचारलं तर म्हणाले, "औंदा कोणी न्हाई." एक चांगला खेळणारा मुलगा होता, मलासुद्धा माहीत होतं.

आणि त्या सगळ्या गडबडीत एक गोष्ट आम्ही विसरून गेलो होतो. सर विसरले नसतील. त्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. एक जूनची तारीख, अठ्ठावन्न वर्षं पुरी, एकतीस मेला नारळ. ज्या वर्षासाठी त्यांनी अंबिकाला थांबवलं होतं, तिचं ते दहावीचं वर्ष जूनमध्ये सुरू होत होतं आणि त्या वर्षाच्या तोंडावर सर बाहेर पडत होते. खऱ्या तारखेनं ते जानेवारीपर्यंत राहिले असते. राज्यस्पर्धा डिसेंबरात. पुन्हा तेच सात महिने.

मी म्हटलं, "सर, तारीख दुरुस्तीचा अर्ज करून बघायचा होता ना कधी."

"कागद म्हणजे कागद, मॅडम."

"मग निवृत्तीनंतर या ना मैदानावर. कोण अडवतंय?"

"दाखल्याप्रमाणं मी सरलो. दुसऱ्यायला जे सांगितलं ते सोताला न्हाई का?"

हट्टी माणूस. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. त्याच तिरीमिरीत मी एक आगाऊपणा केला. उन्हाळ्यात दहावीचे जादा तास चालू होते. तिथं गणित थांबवून मी मुलींना सरांच्या येळवशीची गोष्ट सांगितली. पंचांग, साहेब, हसलेले लोक, सगळं. अंबिका मागच्या बाकावर होती. वहीत बघत राहिली.

एकतीस मेला आमच्या तालुक्यात शाली आणि नारळ मिळेनासे होतात, इतके एक जूनवाले एका दिवशी घरी जातात. शाळेच्या सभागृहात सरांसोबत आणखी दोघं होते. भाषणं झाली. सर खुर्चीत शाल पांघरून, शिट्टी शालीच्या वर, उकाड्यानं हैराण होऊन बसले होते. आभार झाले आणि लोक चहाकडे वळले तेव्हा अंबिका पुढं आली. तिच्या हातात कागद होता. मला लांबूनच ओळखू आला. कपाटावरची एक प्रत, धूळ पुसलेली.

तिनं तो सरांच्या हातात दिला. 'पाल्याचे नाव' या जागी सरांचं नाव. 'इयत्ता'च्या जागी 'क्रीडाशिक्षक'. खाली छापलेलं तेच वाक्य, 'माझ्या पाल्याचे वय अजून शिल्लक असल्यामुळे', त्यापुढं कंसात पेनानं 'येळवस'. पालकाच्या सहीच्या जागी संघातल्या बारा मुलींच्या सह्या. आणि सगळ्यात खाली तिनं स्वतः पट्टीनं एक रेघ आखून नवी ओळ लिहिली होती. 'पाल्याला विचारले आहे का?' तिच्यापुढं जागा कोरी.

"मुख्याध्यापक सरांना द्यायचा हाय," अंबिका म्हणाली. "पर आदी तुमाला इचारते. थांबता का?"

सभागृहात पंख्यांचा आवाज येत होता. सर कागद वाचत राहिले, एवढ्या चार ओळी, किती वेळ. त्यांचे डोळे भरलेले दिसले तशी मी चहाच्या किटलीकडे बघायला लागले. मग त्यांनी खिशाचं पेन काढलं आणि कोऱ्या जागेत 'हाव' लिहिलं. 'होय' नाही. शासकीय कागदावर त्यांनी लिहिलेला तो एकमेव बोलीतला शब्द असावा.

मुख्याध्यापकांनी तो अर्ज घेतला नाही, घेणं शक्यच नव्हतं. पण त्यांनी एक केलं: संघासोबत जाणारा माणूस नोकरीतलाच लागतो म्हणून संघ व्यवस्थापक या रकान्यात माझं नाव घातलं. मी, जिचा शाळेत असताना लिंबू-चमच्यातही कधी नंबर आला नाही. सर रोज सकाळी येऊ लागले, पण मैदानाच्या आत पाऊल टाकायचे नाहीत. चुन्याच्या फक्कीची रेघ जिथं संपते तिथं बाहेर उभे राहायचे. मुलींना रेघेपाशी यावं लागायचं. "मी कागदावर न्हाई ना," असं म्हणायचे. मुली दर आठवड्याला फक्कीची रेघ थोडी थोडी बाहेर आखायला लागल्या आणि सरांना पत्ता लागेपर्यंत ते अर्धे मैदानात होते.

राज्यस्पर्धेत आम्ही उपांत्य सामना एका गुणानं हरलो. अंबिका राज्याच्या संघात गेली नाही. राखीव खेळाडूंच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. परतीच्या गाडीत मी यादी पुन्हा पुन्हा वाचली, जणू मी वाचल्यानं तिचं नाव वर सरकणार होतं. अंबिका खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

त्या वर्षी येळवस डिसेंबरच्या अगदी अखेरीला आली. सरांनी आम्हाला सगळ्यांना शेतात बोलावलं. कडब्याची झोपडीसारखी कोप, पांडवांची पूजा, भज्जीची मिसळ भाजी, बाजरीचे उकडलेले उंडे, मडक्यात ताकाची गार आंबील. माझी मुलगी ज्वारीच्या ताटांतून पळत होती. मला सरांकडे बघून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. जेवताना कळलं. गळ्यात शिट्टी नव्हती.

"आज सरली खरी नोकरी," ते म्हणाले. "तिथीनं आज अठ्ठावन्न झाले."

सगळ्या हसल्या. अंबिका वाढत होती. सरांच्या पानापाशी येऊन थांबली.

"सर, एक सांगू? ह्या वर्षी खेळायला लई मजा आली. ते खरं हाय. पर तव्हा तुमी मला इचारलं असतं ना, तर मी न्हाई म्हणले असते."

"माहीत होतं मला," सर म्हणाले. "म्हणूनच इचारलं न्हाई."

"म्हणूनच इचारायला पायजे होतं."

सरांचा हात सवयीनं छातीकडे गेला, तिथं काहीच नव्हतं, आणि तो तसाच सदऱ्यावर राहिला. शेजारच्या शेतातून कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाक मारत होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी किती लेकरं थांबवली असतील, मी मोजू लागले आणि मध्येच सोडून दिलं.

"हाव," ते म्हणाले. "चुकलं माझं, लेकरा. त्या सायबानं माझ्या मायला इचारलं न्हाई, अन् मी तुला."

अंबिकानं मडकं तिरकं केलं आणि त्यांच्या वाटीत काठोकाठ आंबील वाढली, आणि सरांनी पानावरून उठून ती सगळ्यांसमोर उभ्यानं, एका दमात पिऊन टाकली.